परसातला श्रावण घेवडा इतका चामट का शिजतोय?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकजवळ राहतो, घरामागे दोन खोल्यांएवढी मोकळी जागा आहे. यंदा मृगात तिथे श्रावण घेवड्याच्या बिया टोचल्या. चौदा बुटकी झाडं जगली. दीड महिन्यात फुलं आली आणि आता शेंगांनी नुसती लगडली आहेत. पहिला तोडा पाऊण किलोचा निघाला. आनंदाने फोटो काढून सगळ्या गोतावळ्याला पाठवला.

आणि मग भाजी केली.

तेलावर मोहरी-हिंग, कांदा, टोमॅटो, तो गळेपर्यंत परतला, मग चिरलेल्या शेंगा, मीठ, तिखट, वाटीभर पाणी, झाकण. बाजारच्या शेंगांची मी वर्षानुवर्षं अशीच करते. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर करकरीत. आणखी पाणी घातलं. पंचवीस मिनिटांनी साल रबरासारखी, आत दाणे पिठूळ आणि रंग डबक्यातल्या शेवाळाचा. नवरा मुकाट्याने जेवला आणि शेवटी म्हणाला, "दोरखंडाची भाजी छान झालीय."

घरची ताजी भाजी वाफेवर शिजते असं आई म्हणायची. माझं नक्की कुठे चुकतंय? ऋषीपंचमी तोंडावर आलीय, ऋषीच्या भाजीत घरचाच घेवडा घालायचा असं ठरवून बसलेय.

गच्चीवरचा_माळी

आधी अभिनंदन. चौदा झाडांतून पाऊण किलो म्हणजे झाडं खूश आहेत.

दोन प्रश्न. शेंगा किती दिवसांनी तोडता? आणि मोडली तर कट्‌कन मोडते की वाकते?

अंगणवेल

रविवारी तोडते. आठवडाभर नोकरीतून वेळच मिळत नाही. काही कट्‌कन मोडतात, काही नुसत्याच वाकतात. जाड जाड बघून आधी त्याच तोडल्या, म्हटलं भरल्या असतील.

गच्चीवरचा_माळी

सापडला चोर. "भरल्या असतील" म्हणजेच जून झाल्या असतील.

घेवडा रविवारची वाट पाहत नाही हो. फूल गळल्यापासून दहा-बारा दिवसांत शेंग खायच्या लायकीची होते आणि तिथून पुढे तीनचार दिवसांत हातची जाते. एक दिवसाआड, फार तर दोन दिवसांआड तोडा व्हायलाच हवा. दुसरं म्हणजे जून शेंगा झाडावर राहिल्या की झाडाला वाटतं, बी तयार झालं, आपलं काम संपलं. मग ते फुलं धरणं कमी करतं. माझ्या मुंबईच्या गच्चीवरच्या आठ कुंड्यांमध्ये पहिल्या वर्षी हेच झालं होतं. गणपतीत गावाला गेलो, परत आलो तर झाडांनी संन्यास घेतलेला.

सुगरण_नसलेली

"दोरखंडाची भाजी" :हहपुवा: (हसून हसून पुरेवाट!)

मी तर चिमूटभर खायचा सोडा टाकते. पाच मिनिटांत मऊ आणि रंग हिरवागार. एवढा विचार कोण करत बसतंय!

परसदार

अंगणवेल, तुमच्या वयाची माझी मुलगी आहे, म्हणून अधिकाराने चार गोष्टी सांगतो. थोडं लांबण लागेल.

मी कोरेगावचा, जिल्हा सातारा. आमच्याकडे नुसतं 'घेवडा' म्हटलं की शेंगेची भाजी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आमचा घेवडा म्हणजे वाळलेला दाणा, वाघ्या घेवडा. फिक्या दाण्यावर तांबूस पट्टे असतात, वाघाच्या अंगावर असावेत तसे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता गंमत बघा, हा वाघ्या, दिल्लीकडचा राजमा आणि तुमच्या परसातला श्रावण घेवडा ही एकाच जातीची भावंडं. कोवळी शेंग खाल्ली तर श्रावण घेवडा किंवा फरसबी, दाणा वाळवला तर राजमा. मुंबईत मात्र भाजीवालीकडे घेवडा मागितला तर ती चपटी वालाच्या जातीची शेंग हातात ठेवते, ती जातच वेगळी. त्यामुळे कुणी पाककृती दिली तर आधी विचारायचं, बाई, तुझा घेवडा कुठला?

आता मुद्द्याचं. तुम्ही पाऊण किलो एकच भाजी समजून कढईत टाकलीत. ती तीन भाज्या होती. शेंगा परातीत पसरा आणि एकेक उचलून अंगठ्याने दाबत जा.

बोटाला दाणा लागतच नाही, शेंग सपाट, सरळ, मोडली की कट्‌ आवाज आणि मोडल्या जागी पाण्याचा थेंब: ही कोवळी. हिला शिजवायचं नसतं, वाफ दाखवायची असते.

दाणा जाणवतो पण नखाने दाबला तर फुटतो, शेंग अजून मोडते पण कडेला दोरा सुटतो: ही मधली. दोन्ही कडांचे दोरे काढायचे, बारीक चिरायची, हिची नेहमीची भाजी.

दाण्यांच्या जागी फुगवटे, मधे साल आत ओढलेली, हातात मऊ, पिळली तरी मोडत नाही: ही जून. हिची साल देवानेही शिजवली तरी शिजायची नाही. सोलायची, आतले ओले दाणे घ्यायचे, त्यांची उसळ करायची. सालं गाईला, नाहीतर खतात.

तिन्ही एकत्र टाकल्या तर पहिली विरघळते, दुसरी शिजते आणि तिसरी जावईबापूंना दोरखंड लागते. आई म्हणायच्या ते खरंच आहे, पण आई रोज सकाळी आंघोळीआधी परसात जाऊन ओंजळभर तोडून आणत असणार. विचारून बघा.

अंगणवेल

काका, आई नाही आता. पण तुम्ही लिहिलंत आणि आठवलं, ती खरंच रोज तोडायची. ओच्यात घेऊन यायची आणि उंबऱ्यावर बसूनच मोडायची. सुरी नाही, हातानेच. जी मोडत नसेल ती बाजूला टाकायची. मला वाटायचं, तिला सुरी आणायचा कंटाळा.

परसदार

सुरी चांगली-वाईट सगळीच शेंग कापते. हाताला जून शेंग मोडतच नाही.

रसायनवाला

परसदार काकांनी अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं तुमच्या कढईत आहे. (पेशाने मास्तर, त्यामुळे वर्गात बसल्यासारखं वाटलं तर हलकेच घ्या.)

टोमॅटो. भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन वगैरे पदार्थांमुळे. शिजणं म्हणजे हा गोंद सैल होणं. आंबट पाण्यात तो सैल व्हायला फार वेळ लागतो. म्हणून टोमॅटो, चिंच, आमसूल, ताक यांपैकी काहीही शेंगा शिजायच्या आधी घातलं की त्या अडून बसतात. बटाट्याच्या रश्श्यात आमसूल आधी टाकलं तर बटाटा कसा कडकच राहतो, तेच हे.

रंगही त्यामुळेच गेला. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असतं. आम्लात आणि उष्णतेत ते निघून जातं आणि हिरव्याचा शेवाळी होतो. शेंगेत स्वतःचंही थोडं आम्ल असतंच, त्यामुळे टोमॅटो नसला तरी सातआठ मिनिटांनंतर रंग उतरायला लागतो. रंग हवा असेल तर शिजवणं तेवढ्यात आटपायला हवं, आणि ते कोवळ्या शेंगेचंच आटपतं.

तिसरा संशय: पाणी बोअरचं आहे का?

@सुगरण_नसलेली, सोड्याने हिरवी होते, मान्य. पण गोंद इतका सैल होतो की शेंग बुळबुळीत होते, शिवाय ब१ जीवनसत्त्वाचा निकाल लागतो. घरच्या शेंगेला सोडा म्हणजे पैठणीला स्टार्च.

अंगणवेल

बोअरचंच! गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमतो, बादल्यांवर डाग पडतात. त्याचा भाजीशी काय संबंध?

रसायनवाला

तो पांढरा थर मुख्यतः कॅल्शियमचा. कॅल्शियम त्या गोंदाला आणखी घट्ट करतं. तुमची डाळ कुकरमध्येही नीट गळत नसणार, बघा आठवून. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरून पाहा. आणि मीठ आधीच घाला, मिठाने शेंगा कडक होतात हा गैरसमज आहे, उलट मदतच होते.

सुगरण_नसलेली

पैठणीला स्टार्च. बरं बाई, ठेवला सोडा फडताळात परत.

मालवणचो_वारो

आमच्याकडे लांब चवळीच्या शेंगांका वाली म्हणतत. परसात मांडवार चढवलेली वाली सकाळी काढायची आणि दुपारच्या पेजेबरोबर भाजी. खोबरेल तेलावर मोहरी, कढीलिंब, दोन हिरव्या मिरच्या, मोडलेल्या शेंगा, मीठ, पाण्याचा हबका आणि झाकण. उतरवताना मूठभर ओलं खोबरं. इतकंच. हळदसुद्धा नको. कांदा, टोमॅटो, गोडा मसाला ही सगळी बाजारातल्या चार दिवसांच्या भाजीची सोंगं.

ओटा_आणि_मी

मालवणचो_वारो यांना +१, पण गोड्या मसाल्याला सोंग म्हटल्याबद्दल निषेध. :)

अंगणवेल, मी पुण्यात माझ्या सासूबाईंकडून शिकले ती पद्धत लिहिते. फक्त कोवळ्या शेंगांसाठी. पाव किलो शेंगा, तीन माणसांना.

शेंगा धुऊन आधी फडक्यावर कोरड्या करायच्या आणि मग चिरायच्या. चिरून धुतल्या तर चव मोरीत जाते. देठ आणि शेपटी खुडायची, दोरा निघाला तर काढायचा. चिरणं एकसारखं, तुरीच्या दाण्याएवढं बारीक. सासूबाई पाच-सहा शेंगांची जुडी डाव्या हाताच्या मुठीत धरून विळीवर चिरत, तुकडे एका मापाचे पडत. तुकडे लहान-मोठे झाले तर मोठे शिजेपर्यंत लहानांचा लगदा होतो.

लोखंडी नको, पसरट जाड कढई घ्या. दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की हिंग, अर्धा चमचा उडीदडाळ तांबूस होईतो, दोन मिरच्या उभ्या चिरून, कढीलिंब, चिमूटभर हळद. शेंगा घालून मोठ्या आचेवर मिनिटभर परता. त्या एकदम चकचकीत हिरव्या होतात, बघतच राहावं असा रंग येतो. मग मीठ, दोन चमचे पाणी (चमचेच, वाटी नाही!), आच मंद, आणि वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी. चार मिनिटांनी ताटलीतलं गरम पाणी लागलं तरच चमचाभर आत. एकूण सात मिनिटांत एक तुकडा दाताखाली धरून बघा, चावला जातोय पण कच्चा वास नाही, झालं. गॅस बंद, अर्धी वाटी ओलं खोबरं, कोथिंबीर, चिमूटभर साखर. आंबटपणा हवाच असेल तर आता लिंबू पिळा, पानात घेतल्यावर.

आणि लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. गरम कढईत झाकून ठेवली की ती आत शिजतच राहते आणि पाहुणे येईपर्यंत पुन्हा शेवाळ.

रसायनवाला

एक आगाऊपणा: पहिली दोनतीन मिनिटं झाकण न ठेवता वाफ जाऊ दिली तर शेंगेतलं उडून जाणारं आम्ल निघून जातं, रंग आणखी टिकतो.

ओटा_आणि_मी

मास्तर, ती मोठ्या आचेवर मिनिटभर परतायची पायरी मग कशासाठी आहे असं वाटतं तुम्हाला? सासूबाई सातवी शिकल्या होत्या. :)

रसायनवाला

शरणागती.

डब्बा_पार्टी

एवढ्या कोवळ्या आहेत तर शिजवायच्याच कशाला? बारीक चिरून दही, दाण्याचं कूट घालून कच्चीच कोशिंबीर करा की. जीवनसत्त्वं जशीच्या तशी.

राईनकाठची

थांबा थांबा. कच्ची नको!

मी जर्मनीत राहते. आमच्या सोसायटीच्या मागे लहान लहान बागा आहेत, माझ्या शेजारच्या वाफ्यात एक आजी घेवडा लावतात. पहिल्या वर्षी मी तोडता तोडता एक शेंग तोंडात टाकली तर त्या अक्षरशः ओरडल्या. इथे लहान मुलांनाही शिकवलेलं असतं की हिरव्या शेंगा कच्च्या खायच्या नाहीत. मला आधी ते जर्मन काटेकोरपणाचं प्रकरण वाटलं. मग वाचलं. या जातीत लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. राजम्याच्या कच्च्या दाण्यात फारच जास्त, चारपाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब होऊ शकतात. हिरव्या शेंगेत कमी, पण असतं, आणि दाणा भरेल तसं वाढतं. नीट शिजवलं की ते नष्ट होतं.

खरा धोका अर्धवट शिजवण्यात आहे. इकडे मंद आचेवर दिवसभर शिजवणारी विजेची भांडी लोकप्रिय आहेत, त्यात भिजवलेला राजमा थेट टाकला तर तापमान उकळीपर्यंत जातच नाही आणि ऐंशी अंशांच्या आसपास तर तो कच्च्याहूनही त्रासदायक ठरू शकतो. आधी भिजवलेलं पाणी ओतून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळायचा, ३० मिनिटं उकळा असंही सांगतात. आपल्या कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ही भानगड आपोआप मिटते.

त्या आजी शेंगा मिठाच्या पाण्यात उकळतात आणि त्यात 'बोनेनक्राऊट' नावाच्या झुडपाची एक काडी टाकतात, शब्दशः अर्थ घेवड्याचा पाला. वास ओवा आणि पुदिन्याच्या मधला. त्यांच्या मते त्याने पोटात वायू धरत नाही. मला लगेच आपल्या वालपापडीतला ओवा आठवला. आता मी त्यांना ओव्याचं एक रोप दिलंय, त्यांनी मला त्या झुडपाचं.

डब्बा_पार्टी

बाप रे. कोशिंबीर मागे घेतो. वाफवून गार करून दही घातलं तर चालेल ना?

राईनकाठची

उत्तम लागेल. वर मोहरी-हिंगाची फोडणी द्या.

नागपुरी_ठेचा

वालपापडीवरून आठवलं. आमच्या विदर्भात वालाच्या ओल्या दाण्याले पोपट म्हणतात. हिवाळ्यात पोपटाच्या दाण्याची रस्सेदार भाजी, संगं ज्वारीची भाकर. पहिल्यांदा पुण्यात रूममेटला "आज पोपट करू" म्हटलं तर त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

अलिबागकर_७

हहपुवा. आणि आमची पोपटी वेगळीच! थंडी पडली की रायगडात शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा (उग्र वासाच्या रानझुडपाचा) पाला, त्यावर वालाच्या शेंगा अख्ख्याच, न सोलता, मीठ-ओवा चोळून. मधे बटाटे, अंडी, खाणारे असतील तर मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या, पेंढा रचून पेटवायचं. आत पाण्याचा टिपूस नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. झालं की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून बघतात, चुर्र झालं की उतरवायचं. शेंग दाताने ओढून दाणे खायचे आणि सालं शेकोटीत. भांबुर्ड्याचा वास बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो.

गच्चीवरचा_माळी

मंडळी, धागा श्रावण घेवड्याचा आहे, तुम्ही पौषात पोचलात. पोपटीला वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

अंगणवेल

राहू द्या हो दादा, मजा येतेय. शिवाय कुंपणावर वालाचा वेल सोडलेलाच आहे, भोगीच्या भाजीला त्याच्या शेंगा होतील असा हिशोब आहे.

आता माझा अहवाल. काल रविवार होता, चिडून प्रयोगच केला. शेंगा परातीत पसरून काकांनी सांगितल्याप्रमाणे दाबल्या. पाऊण किलोतल्या खऱ्या कोवळ्या निघाल्या जेमतेम पाव किलो! मधल्या त्याहून थोड्या जास्त, बाकी सगळ्या जून. म्हणजे मी रविवारी आवडीने जाड जाड तोडत होते ते दोरखंडच तोडत होते.

मग चहाची चार पातेली घेतली, प्रत्येकात मूठभर सारखे चिरलेले तुकडे.

पहिलं: कोवळ्या, बोअरचं पाणी. सात मिनिटांत शिजल्या, हिरव्या.

दुसरं: कोवळ्याच, पण टोमॅटो आधीपासून. पंधरा मिनिटांनीही करकर वाजत होत्या आणि रंग खाकी. एकाच झाडाच्या शेंगा आहेत यावर विश्वास बसेना.

तिसरं: जून, बोअरचं पाणी. पंचवीस मिनिटं. तेच ते रबर.

चौथं: जून, गाळलेलं पाणी. वीस मिनिटांनी जरा बऱ्या, पण चावल्यावर तोंडात चोथा उरतोच.

म्हणजे पहिला गुन्हेगार रविवार, दुसरा टोमॅटो, पाणी बिचारं तिसरं. नवरा चार बशा समोर ठेवल्यावर म्हणाला, "आज परीक्षा कुणाची आहे, माझी की घेवड्याची?"

जून शेंगा सोलल्या. दीड वाटी दाणे निघाले, फिकट हिरवे, एकदोन शेंगांत गुलाबी झाक आलेले. राईनकाठची यांचा प्रतिसाद वाचून घाबरून कुकरला तीन शिट्ट्या काढल्या, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उसळ. खरं सांगते, मूळ भाजीपेक्षा ती भारी झाली. उसळीत टोमॅटो घातला, पण दाणे शिजल्यावर. मास्तर, नोंद घ्यावी.

रसायनवाला

पैकीच्या पैकी गुण. एवढं नीटनेटकं प्रयोगपत्रक माझ्या अकरावीच्या वर्गातही मिळत नाही.

परसदार

शाब्बास पोरी.

ऋषीच्या भाजीचं राहिलं. तिच्यात बैलाच्या कष्टाचं काही घालायचं नसतं, म्हणून नांगर न फिरवलेल्या परसातली भाजीच खरी. तुमचा टोचलेला घेवडा त्यात बरोबर बसतो. फक्त एक लक्षात ठेवा. त्या भाजीत अळूची देठं, सुरण, मक्याचं कणीस, भोपळा, पडवळ सगळं एका पातेल्यात असतं आणि सुरणाची खाज जावी म्हणून चिंच किंवा आंबट ताक पडतं. घेवडा, सुरण, कणीस आधी शिजू द्या, लवकर गळणाऱ्या भाज्या नंतर, आंबट शेवटी. फोडणी, मसाले नाहीत, त्यामुळे शेंगेची चव लपायला जागाच नसते. कोवळीच घाला.

सुगरण_नसलेली

जाता जाता, आठवड्याला दोनतीनदा तोडायच्या म्हणजे दर वेळी ओंजळभरच निघणार. तेवढ्याची काय भाजी करायची? साठवायच्या कशा?

गच्चीवरचा_माळी

धुवायच्या नाहीत. कोरड्याच सुती पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ नको. फार गारठ्यात या शेंगांवर तांबूस डाग पडतात आणि त्या लिबलिबीत होतात. चारपाच दिवस नीट राहतात, दोन तोडे मिळून एक भाजी होते.

जास्तच झाल्या तर तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून कोरड्या करून फ्रीजरमध्ये. बर्फाचं पाणी टाळू नका, माझ्या बायकोने टाळलं होतं आणि पिशवीत हिरवी वीट तयार झाली. (ती हा धागा वाचत नाही अशी आशा आहे.)

नागपुरी_ठेचा

एक शंका. भावाने जांभळ्या शेंगांचा घेवडा लावलाय. झाडावर काय सुंदर दिसते! कढईत टाकल्या की हिरव्या. रंग गेला कुठं?

रसायनवाला

जांभळा रंग पाण्यात विरघळणारा असतो, वांग्या-जांभळाच्या सालीतल्यासारखा. गरम झालं की तो पाण्यात उतरतो आणि फिकट होतो, खालचा हिरवा उघडा पडतो. त्याचा एक फायदा सांगा भावाला: सगळा जांभळा गेला की शेंग बहुतेक शिजलेलीच असते. घड्याळ नको.

मालवणचो_वारो

आणि जांभळ्या शेंगा पानांत चटकन दिसतात, तोडताना सुटत नाहीत. हिरव्या लपून बसतात आणि मग अंगणवेलताईंचा रविवार होतो.

अंगणवेल

माझा रविवार आता धाग्यात कायमचा झाला वाटतं!

पण खरंच, आता एक दिवसाआड सकाळी चहा ठेवला की पातेल्यात आधण येईस्तोवर मागे जाते. तेवढ्या वेळात ओंजळ भरते. पानं उचलून खालून बघावं लागतं, शेंगा खोडाजवळ लोंबत असतात. पाऊस पडून गेलेला असेल तर मात्र जात नाही, ओल्या पानांत हात घातला की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो असं माळीदादांनी दुसऱ्या धाग्यात लिहिलेलं वाचलंय.

काल ओटा_आणि_मी यांच्या पद्धतीने केली. उडीदडाळ, दोन चमचे पाणी, ताटलीत पाणी, सात मिनिटं. मी घड्याळ लावून उभी. लेकीने भाजी पोळीबरोबर न खाता नुसतीच वाटीत घेऊन चमच्याने खाल्ली. दोरखंड हा शब्द कुणी काढला नाही.

काका, एक विचारायचं होतं. पुढच्या वर्षीसाठी बी घरचंच ठेवता येईल का? की पाकीटच आणायचं?

परसदार

घरचंच ठेवा. घेवड्याचं फूल उघडायच्या आतच स्वतःशी फळून मोकळं होतं, त्यामुळे शेजारी दुसरा वाण असला तरी बी सहसा बिघडत नाही. पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर मात्र भरवसा नाही. दोन उत्तम झाडं आजच निवडा, लवकर फुललेली, निरोगी, भरपूर धरलेली. लोक उलटं करतात, शेवटी उरलेल्या किडक्या शेंगांचं बी ठेवतात. त्या दोन झाडांची एकही शेंग खायची नाही. झाडावरच वाळू द्या, हलवली की आत खुळखुळ वाजली पाहिजे. मग सोलून सावलीत आठवडाभर, दाताने चावला तर दाणा फुटावा, दबू नये. राखेत घोळवून बरणीत. पाऊस लागून राहिला तर पिवळी पडलेली झाडं मुळासकट उपटून पडवीत उलटी टांगा, नाहीतर शेंगेतच मोड येतील.

अंगणवेल

निवडली. दारापासून तिसरं आणि नववं. ओळखायला लाल दोरा बांधलाय आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय की या दोन झाडांना हात लावायचा नाही.

संध्याकाळी नवरा मोठ्या कौतुकाने मूठभर शेंगा घेऊन आत आला. "बघ, सगळ्या कट्‌कन मोडतात, एकही जून नाही." लाल दोऱ्याचं झाड बरं दिसलं म्हणून तिथूनच तोडल्या म्हणे.

नववं अजून शाबूत आहे.